घसा खरा होता

पाण्याचे दोन ग्लास ट्रेमध्ये घेऊन आमचे हे बाहेरच्या खोलीत आले, आणि सोफ्यावर बसलेल्या दोन्ही मुलींनी झटकन आपापले फोन वर केले. एक तोंडावर हात ठेवून हसत होती. दुसरी, चष्मेवाली, फोनमधून बघत म्हणाली, "आजोबा, जरा हळू या ना. हां, असंच. एका ग्लासावर हात ठेवता का?"

हे जागच्या जागी थांबले. घरी कुणी आलं की आधी पाणी द्यायचं, एवढंच ते करत होते. मी उठले, ह्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि टेबलावर आपटला.

"पाणी प्यायचंय का बघायचंय?" मी विचारलं.

"सॉरी आजी. राहवलं नाही," असं म्हणून चष्मेवालीने फोन पर्समध्ये टाकला आणि ग्लास एका दमात रिकामा केला. पोर वाईट नव्हती. उन्हातून आली होती, तहानलेली होती. पण तहान लागलेली असतानासुद्धा आधी फोन काढायचा, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

ती कुठल्याशा चित्रपट मंडळाची होती. हे ज्यात दिसतात त्या पिक्चरला पन्नास वर्षं झाली म्हणून मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. नवी स्वच्छ केलेली प्रत दाखवणार होते, मंत्री येणार होते, आणि ह्यांना स्टेजवर बोलावायचं होतं.

"आजोबा, तुम्हाला कल्पना नाही, तुम्ही लेजेंड आहात," ती म्हणाली. "आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज तुमचा फोटो फिरतो. कुणी बॉसचं निमूट ऐकून घेतलं की आम्ही लगेच तो पीठवाला फोटो टाकतो."

"वा," मी म्हटलं. "फारच मोठा मान."

तिला टोमणा कळला नाही. ह्यांना कळला, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "मला बोलायला मिळेल का?"

मी चमकून पाहिलं. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"मिळेल की. पाच मिनिटं?"

"दोन पुरतील," हे म्हणाले.

त्या पिक्चरचं नाव मी तोंडातून काढत नाही, आणि काढायची गरजही नाही. निवडणूक जवळ आली की तो टीव्हीवर लागतो म्हणजे लागतोच. एका देशाचं मंत्रिमंडळ असतं, खुर्च्या कमी आणि मंत्री जास्त. त्यावरून भांडण जुंपतं, आणि एकाच इमारतीचा तिसरा मजला चौथ्या मजल्याशी युद्ध पुकारतो. जिन्यात सीमा आखतात, वरच्या पायरीवर जायला पासपोर्ट लागतो, लिफ्ट तटस्थ राष्ट्र म्हणून जाहीर होते. सेनापती लिफ्टमध्ये अडकतो आणि तिथूनच विजयाची घोषणा करतो. या सगळ्या धिंगाण्यात, मंत्री टेबलावर चढून एकमेकांना पिठाच्या पिशव्या मारत असताना, एक शिपाई ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास घेऊन आत येतो. पंतप्रधान पाणी पाणी म्हणून ओरडत असतो. शिपायाच्या डोक्यावर पिशवी फुटते. तो आपलं तोंड झाकत नाही, ग्लास झाकतो. मग ग्लास पंतप्रधानाच्या उजव्या हाताला ठेवतो आणि साहेबलोकांना पाठ न दाखवता, पांढराफटक, उलट्या पावलांनी दाराबाहेर जातो. तो शिपाई म्हणजे आमचे हे.

हे नट नव्हेत, खरेखुरे शिपाई. सुट्टीच्या दिवशी पिक्चरवाल्यांना ती सरकारी इमारत मिळाली होती. काय थापा मारून मिळवली देव जाणे. दारं उघडायला ह्यांची ड्यूटी लागली, आणि साहेबांनी बजावलं होतं, आलेल्या माणसांना काही कमी पडू देऊ नकोस. पंतप्रधान झालेला नट चांगला वयस्कर होता. सकाळपासून तीच आरोळी पुन्हा पुन्हा मारून त्याचा आवाज पार फाटला होता, ओठ सुकले होते, मधूनच खोकत होता. बाकी सगळे पिठात दंग. हे दाराशी उभे राहून बघत होते. शेवटी राहवेना, म्हणून ट्रे उचलून गेले. हे शूटिंग आहे हे त्यांना चांगलं कळत होतं. हे काही बावळट नव्हते. संध्याकाळी घरी येऊन कानातलं पीठ काढत मला म्हणाले होते, "मंत्री खोटा होता गं, पण घसा खरा होता."

दिग्दर्शकाने कॅमेरा बंद केला नाही. आणि ह्यांना कुणी सांगितलंही नाही.

पिक्चर लागला तेव्हा खरे मंत्री भडकले. आठवड्यात तो थिएटरांतून उतरवला. दिग्दर्शक परदेशी गेला, तिकडे त्याला बक्षिसं मिळाली. नटांनी माफी मागितली आणि पुढच्या पिक्चरला लागले. सापडले कोण, तर हे. सरकारी गणवेशात, सरकारी बिल्ला लावून, सरकारची टिंगल केली म्हणून चौकशी बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी घरात बसून पाहिलं. ह्यांची बदली झाली ती अशा ठिकाणी, जिथे जुन्या फायली मरायला पाठवतात. मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत हे तिकडे आणि मी इकडे सासूबाईंना घेऊन. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ह्यांनी रजा मागितली. सही कुणी करायची यावर अर्ज एका मजल्यावरून दुसऱ्यावर फिरत राहिला. मंजूर होऊन आला तेव्हा सासूबाईंना जाऊन महिना उलटला होता. शेवटच्या दिवसांत त्या मला दर तासाला विचारायच्या, "आला का गं तो?" मी म्हणायची, निघालाय.

मग सरकार बदललं. नव्यांना पिक्चर फार आवडला, कारण तो जुन्यांवर होता. नवे जुने झाले, त्यांच्या जागी आणखी नवे आले, त्यांनाही आवडला. त्या पिक्चरचं हेच तर आहे. जो बघतो त्याला वाटतं, शेजाऱ्यावर काढलाय. म्हणून तो मरत नाही. आणि तो मरत नाही म्हणून आमची सुटका नाही. बाजारात कुणीतरी ह्यांच्यासमोर उलट्या पावलांनी चालून दाखवायचं. शाळेत मुलीच्या डोक्यावर पोरं खडूची भुकटी टाकायची. एकदा ती रडत घरी आली आणि ह्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच एवढे मूर्ख होता?"

"हसतील त्यांचे दात दिसतील," हे तिला म्हणाले.

तिला तेवढंच सांगितलं. माझ्याकडे मात्र अधूनमधून बोलायचे. "एकदा कुणीतरी विचारायला पाहिजे गं, की तू तेव्हा आत का गेलास. मी सांगेन." पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही. लोकांनी फोटो काढले, पाठीवर थापा मारल्या, पण विचारलं नाही. ते दोन मिनिटं मागत होते ती याच्यासाठी.

पुढचे काही दिवस मी भाजी चिरत बसले की हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणून दाखवायचे. कागदावर लिहून घ्या म्हटलं तर नको म्हणाले. "हातात कागद असला की मी शिपाईच वाटतो."

"कशाला खपली काढता?" मी म्हटलं. "ते हसतील."

"ते पिक्चरला हसतात. मी सांगितलं तर ऐकतील. माणसं वाईट नसतात."

"हे तुम्ही आयुष्यभर म्हणत आलात."

"मग? खोटं आहे?"

मी चिरलेली भाजी धुवायला उठले. ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "मी नट नाही. ते मंत्री खोटे होते हे मला माहीत होतं. पण घसा खरा होता, म्हणून मी पाणी दिलं. त्याबद्दल माझी बदली झाली. आई गेली तेव्हा मला रजा मिळाली नाही. मी मूर्ख नव्हतो."

"शेवटचं वाक्य काढा," मी म्हटलं. "मी मूर्ख नाही असं सांगणारा लोकांना मूर्खच वाटतो."

त्यांना पटलं. "मग शेवटी काय म्हणू?"

"धन्यवाद म्हणा आणि खाली या."

"धन्यवाद कशाबद्दल?"

मी भाजी फोडणीला टाकली. शेवट तसाच राहिला. मुलगी म्हणाली, मी येणार नाही. आम्ही दोघंच गेलो.

सभागृहाच्या दारातच एका पोराच्या शर्टावर ह्यांचं पीठ माखलेलं तोंड छापलेलं दिसलं. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. सगळे कोवळे, विशी-पंचविशीतले. हे ओळखू आल्यावर त्यांनी गराडा घातला. एकजण मला म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." मी बाजूला झाले.

मंत्री उशिरा आले, आणि त्यांच्यामागे इतकी माणसं आली की पहिल्या रांगेत खुर्च्या कमी पडल्या. दोन लठ्ठ गृहस्थ एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून एकमेकांना कोपराने ढकलत होते. आम्हाला उठवून मागे नेलं. पिक्चर सुरू व्हायच्या आधीच सुरू झाला होता, पण हसलं कुणी नाही.

खरी गोष्ट अशी, की ह्यांनी तो पिक्चर पूर्ण कधी पाहिलाच नव्हता. आला की टीव्ही बंद, हा घरचा नियम. त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला. पोरांना संवाद तोंडपाठ होते, पडद्याच्या आधी तीच म्हणत होती. तटस्थ लिफ्टचा झेंडा फडकला तेव्हा शेजारून खुदकन आवाज आला. पाहते तर हे हसत होते. सेनापतीच्या भाषणाला तर डोळ्यांतून पाणी आलं. रुमालाने डोळे पुसत माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चांगला आहे गं पिक्चर."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. पण खोटं कशाला बोलू, पिक्चर चांगलाच आहे.

मग तो प्रसंग आला. सगळं सभागृह उभं राहिलं आणि एका सुरात ओरडलं, "पाणी." ह्यांचं हसू थांबलं, हात गुडघ्यांवर गेले. मी पुढच्यांच्या खांद्यांमधून वाट काढून पडद्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दाट केस, ताठ मान, इस्त्रीचा गणवेश. इस्त्री मी केलेली. पिशवी फुटली आणि त्याने ग्लासावर तळहात ठेवला, अगदी अलगद, झोपलेल्या बाळाला उन्हाची तिरीप लागू नये म्हणून ठेवावा तसा. इतकी वर्षं मी ज्याच्यावरून चिडत होते ते मी असं कधी बघितलंच नव्हतं. मला तो पोरगा फार आवडला. आजूबाजूला लोक हसून हसून वाकले होते.

दिवे लागले. एक समीक्षक बोलायला उठले. म्हणाले, हा शिपाई म्हणजे आपल्या गुलामगिरीचं सर्वांत थोर प्रतीक आहे. डोक्यावर आभाळ कोसळलं तरी मालकाचा ग्लास सांभाळणारी जनता ती हीच. टाळ्या पडल्या. मग मंत्री म्हणाले, हा पिक्चर मी लहानपणापासून बघतोय, आणि आमच्या विरोधकांचं इतकं हुबेहूब चित्रण दुसरीकडे कुठे नाही. आणखी टाळ्या पडल्या. मग चष्मेवालीने ह्यांना हाताला धरून वर नेलं.

ह्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. सभागृह शांत झालं.

"मी नट नाही," हे म्हणाले.

हशा उसळला. हे थोडे गोंधळले, पण ट्रक जाईपर्यंत रस्ता ओलांडायला थांबावं तसे थांबले.

"ते मंत्री खोटे होते, हे मला माहीत होतं."

सगळ्यांच्या माना मंत्र्यांकडे वळल्या. मंत्र्यांनी हसत हसत ह्यांच्याकडे बोट नाचवलं, तसा हशा दुप्पट झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "काय टायमिंग आहे म्हाताऱ्याचं."

"पण घसा खरा होता," हे म्हणाले. "म्हणून मी पाणी दिलं. त्याबद्दल माझी बदली झाली."

पोरं मांड्यांवर हात आपटायला लागली. ह्यांचा आवाज पहिल्यापासून सपाट, चेहरा दगडासारखा. आनंद झाला तरी तो तसाच, दुःख झालं तरी तसाच. पिक्चरमध्येही तोच चेहरा होता. लोकांना वाटत होतं, हे तेच पुन्हा करून दाखवतायत.

"माझी आई गेली," हे म्हणाले. "माझा रजेचा अर्ज तिसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर गेला. चौथ्याने तो तिसऱ्याकडे परत पाठवला."

असं हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. छप्पर उडतंय की काय असं वाटलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. समीक्षक चष्मा काढून डोळे पुसत होते. स्टेजच्या कडेला उभी असलेली ती मुलगीही हसत होती. तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिचा चेहरा उतरला. एकटीचा उतरून काय होणार.

"हसू नका," हे म्हणाले.

ते ऐकून तर लोक खुर्च्यांतून घसरायला लागले.

मी उठले. "अहो, ऐका ना जरा त्यांचं," मी म्हटलं, जमेल तेवढ्या मोठ्याने. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मागचा माणूस म्हणाला, "आजी, खाली बसा, दिसत नाहीये."

पण उभी राहिले म्हणून मी ह्यांना दिसले. ते मलाच शोधत होते. सापडल्यावर त्यांनी माइक ओठांजवळ धरला आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. ते स्वयंपाकघरात पाठ केलेलं नव्हतं. चांगलं लांबलचक वाक्य होतं. मधे एकदा थांबले, मान खाली घातली, पुन्हा वर करून पुरं केलं. लोक शिट्या मारत होते, पाय आपटत होते, "पाणी, पाणी" ओरडत होते. मला फक्त ह्यांचे ओठ हलताना दिसले.

मग ह्यांनी माइक परत दिला. सगळे श्वास रोखून वाट बघत होते, आता उलट्या पावलांनी जाणार म्हणून. हे वळले, मंत्र्यांकडे पाठ केली आणि सरळ चालत पायऱ्या उतरले. त्यालाही टाळ्या पडल्या.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले. तिकीटही मीच काढलं. मी म्हटलं, बरं वाटत नाहीये का? त्यांनी मान हलवली, आणि बाहेर बघतच विचारलं, "शेवटचं ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हटलं.

कसं आणि का, ते मला सांगता येणार नाही. सभागृहभर माणसांमधून ह्यांना एकीने ऐकायला हवं होतं, आणि ती मी होते. नाही कसं म्हणायचं?

"मग झालं," हे म्हणाले. "बाकीच्यांचं जाऊ दे. तुला ऐकू गेलं ना, बास." त्यांचे खांदे सैल पडले. थोड्या वेळाने खिडकीला डोकं टेकून झोपले. मी सगळा रस्ता त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काय बोलला असाल हो तुम्ही? आणि आता कुठल्या तोंडाने विचारू?

दुसऱ्याच दिवशी ते भाषण सगळीकडे फिरायला लागलं. लाखो लोकांनी बघितलं म्हणे. नात तिच्या आईच्या नकळत फोन घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, मला शेवटचं तेवढं लाव, आवाज वाढव. तिने वाढवला. मी फोन कानाला लावला. तिने सावकाश करून लावलं, मागे नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा पुन्हा लावलं.

"आजी, नुसतं हसणंच येतंय," ती म्हणाली. "काय म्हणाले होते आजोबा?"

तेवढ्यात हे आंघोळ करून बाहेर आले. माझ्या कानाशी फोन बघून दारातच थबकले. चेहरा नेहमीसारखाच, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पुन्हा तेच ऐकतेस होय?"

"हो," मी म्हटलं. "छान बोललात."

ह्यांनी मान हलवली. मग आरशासमोर उभे राहिले आणि फार दिवसांनी नीट, वेळ घेऊन भांग पाडला.